शेगडीवरचा अर्धा तांब्या

लाइट गेली की आमच्या गल्लीत आधी अंधार व्हायचा आणि लगेच बाईंचा आवाज यायचा. "बटणं शून्यावर!"

केडगावातली साधी गल्ली. घरोघरी गॅस. विजेवर स्वयंपाक करणारं घर एकच, ते बाईंचं. म्हणजे ही आरोळी जिच्यासाठी होती ती व्यक्ती आरोळी देणारीच होती. पण जन्मभर शाळेत शिकवलेल्या माणसाला स्वतःपुरती सूचना देता येत नाही, त्याला वर्ग लागतो. मग समोरच्या काकू उठून टीव्हीचं बटण बंद करायच्या, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आपल्या इस्त्रीचा प्लग काढायचा, आणि बाई शेगडीची चारही बटणं शून्यावर आणून, मेन स्विच खाली ओढून, हात पुसत दारात येऊन उभ्या राहायच्या.

"लाइट जाते तेव्हा काही होत नाही," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायच्या. "येते तेव्हा होतं. तुम्ही शेजारी गप्पा मारत बसता आणि इकडे शेगडीची रिकामी थाळी तापत असते."

कुणाच्याच घरी तसली विजेची थाळी नव्हती. पण सगळे माना डोलवायचे. बाईंपुढे मान डोलावणं ही आमच्या गल्लीतली जुनी रीत होती.

शेगडी म्हणायचं म्हणून शेगडी. होतं ते कपाटाएवढं पांढरं धूड. वर चार काळ्या लोखंडी थाळ्या, समोर बटणांची रांग, पोटात ओव्हन. मिशनच्या शाळेत बाई गृहशास्त्र शिकवायच्या, तिथल्या वर्गासाठी कुणा परदेशी मड्डमने ते आणलेलं. पुढे शाळेने गॅस घेतला आणि धूड अडगळीत गेलं. निवृत्तीच्या वेळी लोक शाल आणि भिंतीवरचं घड्याळ घेतात. बाईंनी ते धूड मागून घेतलं, टेम्पोत घालून केडगावला आणलं, त्याच्यासाठी घराची वायरिंग बदलली, वेगळं अर्थिंग घातलं, वेगळा मेन स्विच बसवला. गल्लीत म्हणतात की त्या दिवसांत बाईंनी वायरमनला इतकं शिकवलं की त्याने पुढे धंदाच बदलला. खरंखोटं देव जाणे.

वरच्या दोन खोल्या त्या भाड्याने द्यायच्या. तिथेही विजेचीच, दोन थाळ्यांची लहान शेगडी होती. भाडेकरूला अट एकच: घरात सिलिंडर येणार नाही. मला आधी वाटलं, म्हातारीचा विक्षिपतपणा. कारण पुष्कळ दिवसांनी कळलं, तेही सहज बोलता बोलता.

"गॅस गळायला लागला की वास येतो म्हणतात," बाई म्हणाल्या. "मला नाही येत."

लहानपणी त्या कसल्याशा तापातून उठल्या आणि त्यांचं नाक गेलं ते गेलंच. गुलाब, फिनेल, करपलेली आमटी, त्यांना सगळं सारखंच. "ज्याची राखण नाकाने करायची ते माझ्या घरात नको. डोळे आहेत, हात आहेत, डोकं आहे. त्यांच्यावर चालेल तेच घरात राहील." एवढं बोलून त्या वांगी चिरायला लागल्या.

तर मी. मी खर्ड्याची. नगरच्या कोर्टात टायपिस्ट म्हणून नोकरी लागली आणि खोली शोधत शोधत केडगावला येऊन पोचले. शहराचं नाव आता बदललंय, पण खोली शोधताना पायपीट जुनीच असते. बाईंनी मला नखशिखान्त पाहिलं. पगार विचारला नाही, जात विचारली नाही, लग्न का नाही झालं तेही नाही. मी मनात म्हटलं, वा, देवमाणूस भेटलं.

"स्वयंपाक येतो?"

"येतो की."

"चल, दाखव."

मला वाटलं, एकटी बाई आहे, फुकटात जेवायचा बेत दिसतोय. करू या, त्यात काय. मी तांदूळ धुतले आणि त्याच हाताने बटण फिरवायला गेले.

"हात," बाई स्टुलावरून म्हणाल्या.

"अं?"

"ओला आहे."

मी हात ओढणीला पुसला. "आता ओढणी," बाई म्हणाल्या. "लोंबतेय. खोच." मी खोचली. मग मी जे पातेलं उचललं त्याच्या बुडाला पोक आला होता आणि ते थाळीवर डुगडुगत होतं. "थाळीला बूड टेकलं नाही तर तू भात नाही, हवा शिजवतेस." मी दुसरं पातेलं घेतलं. बाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं. चपला मी दाराबाहेर काढून आले होते, आपल्याकडे स्वयंपाकघरात चपला कोण घालतं? "विजेपुढे अनवाणी उभं राहायचं नाही," असं म्हणून त्यांनी रबरी सपाता पायाने माझ्याकडे लोटल्या.

भातात अजून पाणी दिसत होतं तोच त्या म्हणाल्या, "बंद कर."

"अहो, कच्चा राहील."

"राहिलेलं काम थाळी करील. बटण बंद केलं म्हणजे थाळीला कळतं असं नाही."

आणि खरंच भात झाला की हो! मोकळा, शीत न् शीत वेगळं. मला जरा हुरूप आला. शेजारच्या थाळीवर चहा झाला होता, तो मी उतरवला, बटण बंद केलं, आणि घरी ओट्यावर ठेवतो तशी दुधाची पिशवी मोकळ्या झालेल्या थाळीवर ठेवून गाळणं शोधायला वळले.

काळी तर होती थाळी! चुलीत निखारा दिसतो, गॅसला जाळ दिसतो. इथे तापलेली थाळी आणि गार थाळी दिसायला जुळ्या बहिणी. एका क्षणात पिशवी वितळली, दूध फसफसत थाळीवर, तिथून ओट्यावर, तिथून माझ्या पायातल्या त्यांच्या सपातांवर. मी किंचाळले. बाईंनी शांतपणे मेन स्विच खाली ओढला.

"वास कसा येतोय?" त्यांनी विचारलं.

"करपट," मी रडवेली होऊन म्हणाले.

"असं होय," त्या म्हणाल्या. मला तेव्हा तो टोमणा वाटला. त्यांना खरोखरच माहिती हवी होती हे मला कुठून कळणार?

"नापास. ऑक्टोबरला ये."

तेव्हा जून चालला होता. मी म्हटलं, बाई, ऑक्टोबरपर्यंत मी काय एसटी स्टँडवर राहू? तर म्हणाल्या, ऑक्टोबर म्हणजे पुढचा शनिवार. आमच्या शाळेच्या दिवसांत मार्चमध्ये गचकलेली मुलं ऑक्टोबरला पुन्हा बसायची. बाईंच्या लेखी दुसऱ्या खेपेच्या कुठल्याही परीक्षेचं नाव ऑक्टोबर होतं, मग ती जूनमध्ये असो नाहीतर नाताळात. आणि ती संधी मागणाऱ्याला त्या नाही म्हणत नसत. तो त्यांचा नियम होता.

पुढच्या शनिवारी त्यांनी मला तांब्या शिकवला. बटण बंद केलं, भांडं उतरवलं, की त्या थाळीवर लगेच पाण्याचा तांब्या ठेवायचा. सपाट बुडाचा पितळी तांब्या, अर्धा भरलेला. काठोकाठ भरला तर उकळून सांडतो आणि रिकामा ठेवला तर करपतो. तांब्या दिसला की येणाऱ्या-जाणाऱ्याने समजायचं, हात लावू नका, ही अजून जागी आहे. आणि भांडी घासायला कोमट पाणी आपोआप मिळतं. मी तांब्या ठेवला. बाईंनी चव न बघताच निकाल दिला.

"चालेल."

'पास' हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या, आता स्वतः आज्या झालेल्या बायका भेटायला यायच्या, "सलाम, बाई" म्हणून ओणवून उभ्या राहायच्या, आणि सांगायच्या की आम्हालाही "चालेल"च्या पुढे काही मिळालं नाही.

रविवारी शेगडीला सुट्टी असे. शनिवारीच दोन दिवसांचं रांधून ठेवायचं, आणि रविवारी शेगडीवर क्रोशाचं पांढरं झाकण घालून बाई चर्चला जायच्या. जेवणाआधी प्रार्थना करायच्या, पण डोळे मिटून प्रार्थना करायला परवानगी शेगडी पूर्ण बंद असेल तरच. एखादं भांडं वर असलं तर उघड्या डोळ्यांनी. एकदा पाळकसाहेब जेवायला आले आणि वर आमटी असताना त्यांनी डोळे मिटले. बाई म्हणाल्या, "साहेब, उघडा. देव बघतोच आहे, पण त्याच्याकडे इतरही कामं आहेत."

नाताळ आला की गल्लीतल्या सगळ्या घरांतून केकचे डबे बाईंच्या ओव्हनकडे निघायचे, दिवाळीत नानकटाईचे ट्रे. ओव्हनचं दार मधेच उघडून बघायला सक्त मनाई. समोरच्या काकूंचा हात सारखा दाराकडे जायचा. "केक आहे तो," बाई त्यांना झापायच्या, "नवी नवरी नाही सारखं तोंड बघायला!" काकू चिडायच्या, दोन दिवस बोलायच्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी दुसरा डबा घेऊन हजर.

मग माझी आई आली.

आई खर्ड्याची, चुलीची. गॅस घरात आला तरी भाकरी चुलीवरच, असं मानणारी. पहिल्याच दिवशी मी कोर्टातून घरी आले तर वरच्या खोलीतून धूर, गल्लीत चार माणसं, आणि जिन्यावर बाई. मी त्यांच्या मागोमाग धावत वर गेले. आईने माझ्या शेगडीच्या तापलेल्या थाळीवर भाकरीचा तुकडा आणि वर चमचाभर तूप सोडलं होतं. तुपाने पेट घेतला होता, आणि आता ती हातात पाण्याचा तांब्या घेऊन थाळीवर शिपका मारायच्या बेतात होती. चूल अशीच विझवतात ना!

"थांबा!" बाई गरजल्या. त्यांनी ताटली उचलून जाळावर पालथी घातली, बटण शून्यावर आणलं, आणि मग आईच्या हातातला तांब्या काढून घेतला. "पेटलेल्या तुपावर पाणी टाकायचं नाही. विजेवर तर नाहीच नाही. हे काय होतं?"

"इस्तवाला निवद," आई म्हणाली. "पैला घास त्याला देत्यात. तुमच्यात न्हाई का?"

ख्रिस्ती बाई, त्यात शिक्षिका, आता आईला अंधश्रद्धेवर तासभर ऐकावं लागणार. शिवाय खोली जाणार ती वेगळीच. बाईंनी पालथ्या ताटलीकडे पाहिलं.

"देतात," त्या म्हणाल्या. "पण आमच्याकडे चर्चमध्ये देवाचं ते ताटलीत गोळा करतात. तुम्हीही बशीत द्या. पोचतं."

"बशीत ठेवल्यालं पोचतं व्हय?"

"मी इतकी वर्षं देतेय. अजून तक्रार आलेली नाही."

आईला हे पटलं. त्या दिवसापासून माझ्या शेगडीशेजारी एक बशी आली. दुसऱ्या दिवशी बाईंनी आईची परीक्षा घेतली, आई नापास झाली, ऑक्टोबरला बसली आणि "चालेल" घेऊन खर्ड्याला गेली. गावात तिने सांगितलं, लेकीची घरमालकीण लई कडक हाय, पर मानूस हाय.

एवढ्या शिस्तीच्या घरात अपघात व्हायचा तो बाईंच्याच हातून व्हावा, हे जरा अतीच झालं. पण झालं खरं. एका दुपारी दूध तापत ठेवून त्या पुढच्या खोलीत पेपर वाचत बसल्या आणि विसरल्या. दूध आटलं, जळलं, पातेलं काळं ठिक्कर पडलं, खिडकीतून धूर रस्त्यावर आला. सगळ्या गल्लीला वास आला, एक बाई सोडून. समोरच्या काकू धावत आल्या तेव्हा बाई शब्दकोडं सोडवत होत्या. काकूंनी भीतीपोटी पुण्याला बाईंच्या मुलाला फोन केला.

मुलगा सरळ माणूस. येतानाच ठरवून आला. "मम्मी, बास झालं. हे भंगारात दे आणि माझ्याकडे चल. तुला वास येत नाही आणि आता लक्षातही राहत नाही. मला केडगावचा नंबर दिसला की धस्स होतं गं छातीत."

"तिकडे मी काय करू?"

"आराम कर. स्वयंपाकाला बाई येते आपल्याकडे."

"आराम," बाई म्हणाल्या. तांदळातला खडा दाताखाली यावा तसं तोंड झालं त्यांचं. पुण्याच्या त्या घरात सून त्यांना प्रेमाने पाण्याचा पेलाही हातात आणून देते, हे त्यांनी मला पूर्वी तक्रारीच्या सुरात सांगितलं होतं.

"मला नापास करायचं तर परीक्षा घेऊन कर," त्या मुलाला म्हणाल्या. "शनिवारी ये. सगळा स्वयंपाक तुझ्यासमोर करते. चुकले तर शेगडी भंगारात, घराला कुलूप, आणि मी तुझ्याबरोबर. नाही चुकले तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

मुलगा कबूल झाला. ते चार दिवस मला कोर्टात टायपिंग सुचेना. खोली जाईल ही भीती होतीच, खोटं कशाला बोलू? पण बाई पुण्याच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर हात मांडीवर ठेवून बसल्यात, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की गलबलून यायचं.

शनिवारी आई डोळे दाखवायला नगरला आली होती, तिलाही बाईंनी जेवायला बोलावलं. मुलगा खुर्चीवर, आई आणि मी दारात. बाईंनी सपाता घातल्या, पदर खोचला, हात कोरडे केले. भात, आमटी, भरली वांगी. प्रत्येक भांडं आपल्या मापाच्या थाळीवर, दांडे आतल्या बाजूला, तेलाच्या कढईशेजारी झाकण तयार. त्यांचा हात कुठेही अडखळला नाही. मी मनातल्या मनात देवाला नवस बोलले, आणि कुठल्या देवाला हे ठरवत बसले नाही.

शेवटी भात उतरवायच्या वेळी मुलाचा मोबाईल वाजला. तो बोलत बोलत अंगणात गेला. बाईंनी बटण बंद केलं, भात उतरवला, पानं वाढायला वळल्या.

थाळी उघडीच राहिली.

मी बघितलं. आईनेही बघितलं. आई पुढे झाली, ओट्यावरचा तांब्या माठातून भरला आणि अलगद त्या थाळीवर ठेवून परत दारात येऊन उभी राहिली. मुलगा आत आला, त्याने थाळ्यांकडे बघितलं, तांब्या बघितला, आणि जेवायला बसला.

जेवण उत्तम झालं होतं. वांग्याचा रस्सा तो बोटाने चाटूनपुसून जेवला. "मम्मी," तो हात धूत म्हणाला, "मी हरलो. तू राहा इथेच."

आईने माझा दंड दाबला. मला तर उडी मारावीशी वाटत होती. पण बाई ओट्याजवळ थांबल्या होत्या. तांब्यातलं पाणी उकळून थाळीवर सांडलं होतं, थाळीभोवती पांढरा डाग उमटला होता. त्या तांब्याकडे बघत राहिल्या.

"मी कधीच काठोकाठ भरत नाही," त्या म्हणाल्या. "हा कुणी ठेवला?"

मी आईकडे बघितलं.

"कुणी ठेवला?" बाईंनी पुन्हा विचारलं, वर्गात विचारतात तसं.

"म्या," आई म्हणाली.

"म्हणजे मी विसरले होते." बाईंनी पदर सोडला आणि मुलाकडे वळल्या. "नापास. माझी बॅग माळ्यावर आहे, ती काढ."

"अगं मम्मी, एवढ्याशाने काय होतं!"

"एवढ्याशानेच होतं. ग्रेस मार्क मी कधी दिले नाहीत. घेणारही नाही."

आता मुलाचाच चेहरा पडला. जे हवं म्हणून तो आला होता ते समोर ठेवलेलं होतं आणि त्याला ते घेववेना. मला रडू फुटलं. बाई, कशाला विचारलंत, कशाला? गप्प बसला असतात तर राहिला असतात ना इथे! मी हे सगळं मोठ्याने म्हणाले, आणि त्यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं.

आईने डोक्यावरचा पदर सारखा केला. "बाई, म्या अडानी. एक इचारू? माजी पोरगी नापास झाल्ती, तिला तुमी आक्टूबर दिला. मी नापास झाल्ते, मलाबी दिला. तुमाला न्हाई व्हय?"

बाई स्टुलावर बसल्या.

"मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, असा नियम आहे," त्या म्हणाल्या, जरा कुरकुरतच. "आणि तुम्ही मागितलात."

ऑक्टोबर पुढच्या शनिवारी झाला. मधल्या दिवसांत बाईंनी स्वतःसाठी तोड काढली. पोरांना पाढा एकट्याने येत नसला की जोडीने म्हणायला लावतात, तसं. बटण बंद केलं की त्या खालून मोठ्याने म्हणणार, "बंद केली!" मी वरून विचारणार, "तांब्या?" त्या उत्तर देणार, "ठेवला!" आणि जळका वास आला तर तो सांगायचं काम माझ्या नाकाचं. मुलाने हे सगळं समोर बसून ऐकलं. या खेपेला तांब्या चुकला नाही. मुलगा मला म्हणाला, "ताई, ठीक आहे. पण ज्या दिवशी तुम्ही विचाराल आणि खालून उत्तर येणार नाही, त्या दिवशी मला फोन करायचा. मग मी गाडी घेऊनच येणार, परीक्षा नाही की काही नाही." बाईंनी मान हलवली. मीही शब्द दिला.

झालं, गल्लीला नवा उद्योग मिळाला. सकाळी आणि संध्याकाळी मी. दुपारी मी कोर्टात असले की समोरच्या काकू. काकू कधी गावाला गेल्या तर इस्त्रीवाला. "बंद केली!" "तांब्याऽ?" "ठेवलाऽ!" नवीन राहायला आलेल्या एका बिऱ्हाडाला वाटलं इथे कसला तरी पंथ आहे. रिक्षावालेसुद्धा जाता जाता "तांब्या?" विचारून जायचे आणि बाई त्यांनाही काटेकोर उत्तर द्यायच्या. दोन हिवाळे असे गेले.

नाताळच्या आधीचे दिवस होते. संध्याकाळची वेळ, मी वर कणीक मळत होते. खालून आवाज आला, "बंद केली!"

"तांब्या?" मी ओरडले.

उत्तर नाही.

"बाई, तांब्या?"

काहीच नाही. माझे हात कणकेत तसेच राहिले. पडल्या असतील? भाजलं असेल? आणि त्या भीतीच्या मागोमाग दुसरी: आता फोन करावा लागणार. गाडी येणार, कुलूप लागणार. मी कणकेच्या हातांनीच जिना उतरले, शेवटच्या पायरीला ठेच लागली, दार ढकललं.

बाई शेगडीपाशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. थाळीवर तांब्या होता, अर्धा भरलेला. ओव्हनमध्ये गल्लीतल्या कुणाचा तरी केक होता.

"ठेवलाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही रोज विचारता. उत्तर आलं नाही तर काय करता, ते एकदा बघायचं होतं."

मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. पण फार बोलले. बाई, जीव गेला असता माझा! लाज नाही वाटत, म्हातारपणी पोरखेळ करता, मी फोन लावणार होते, कळतं का तुम्हाला? बोलता बोलता रडायला लागले, ओढणीने डोळे पुसले तर तोंडाला कणीक लागली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की ओव्हनची आच, सांगता येणार नाही. मग त्यांची नजर खाली गेली.

"चपला कुठे आहेत?"

मी अनवाणी होते. हात ओले, ओढणी लोंबत, शेगडीपासून हातभर अंतरावर.

"नापास," बाई म्हणाल्या. त्यांनी आपल्या पायातल्या सपाता काढल्या आणि पायाने माझ्याकडे लोटल्या. मग आता आपण अनवाणी आहोत हे लक्षात येऊन शेगडीपासून दोन पावलं मागे सरकल्या.

"ऑक्टोबरला बस. आता हात कोरडे कर आणि चहा टाक दोघींना."